गडग्यापलीकडची हळद

हळदीचं कौतुक माझ्यासमोर कोणी करू नये. मुंबई-पुण्याची माणसं मालवणात येतात, किल्ला बघतात, सुरमई खातात, आणि संध्याकाळी माझ्या शेजाऱ्याच्या अंगणात खुर्च्या टाकून हळद घातलेलं दूध पितात. डोळे मिटून म्हणतात, "आहाहा, किती औषधी!" मी गडग्याच्या अलीकडे उकिडवा बसून ऐकतो. या औषधाने माझ्या घराशेजारचं परडं खाल्लं, माझ्या ताटातलं कालवण पांढरं केलं, आणि गावात माझी अशी शोभा झाली की एसटीच्या थांब्यावर पोरंसुद्धा मला बघून नाक पुढे करून वास घेतात. तेही घाला म्हणावं दुधात. चव येईल.

मी अडाणी माणूस. शाळेत गेलो तो नारळ पाडायला. गुरुजींनी खालून हाक मारली, आत येऊन बस, तर मी म्हटलं हय वरच बरा आसा. तेव्हापासून मला शहाणपण कोणी शिकवलं नाही, आणि ज्यांनी शिकवायचा प्रयत्न केला ते थकले. त्यातली एक माझी बायको.

आधी शेजारी सांगतो. शेजारी म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ. परका असता तर एवढं वैर जमलंच नसतं, वैराला रक्त लागतं. त्याचं घर आणि माझं घर यांच्या मध्ये गडगा, म्हणजे दगडावर दगड रचून केलेली कमरेएवढी भिंत. चिखल नाही, सिमेंट नाही. आजोबांच्या काळापासून त्या गडग्यावरून आम्ही एकमेकांना फणसही दिले आणि शिव्याही दिल्या. फणस वर्षातून एकदाच येतात.

चुलतभावाने घरामागे दोन खोल्या बांधल्या आणि पुढे पाटी लावली, होमस्टे. पाहुणे आले, पण त्यांच्या गाड्या म्हशीएवढ्या. घर आणि गडगा यांच्यामधल्या वाटेने बैलगाडी कशीबशी जाईल, ही गाडी कुठली जाणार? ती रस्त्यावर ठेवावी लागे, आणि रस्त्यावर ठेवली की वरच्या माडाला बरोबर तेव्हाच नारळ टाकायची बुद्धी होई. त्याला हातभर जागा कमी पडत होती. ती हातभर जागा माझ्या बाजूला होती आणि तिच्यात माझ्या बायकोची हळद होती.

आता ही हळद साधी नव्हे. बायको खारेपाटणकडची. लग्नात तिच्या आईने ओटीत नारळाबरोबर हळदीचा एक ओला गड्डा घातला होता. तो तिने इथे येऊन पुरला आणि त्याचा वाफा झाला. तिच्या माहेरची रीत अशी, की माघात हळद खणायची, पण सगळी खणायची नाही. एक ओळ जमिनीतच ठेवायची. "जमनीचो वाटो जमनीक," असं ती म्हणते. तीच ओळ पुढच्या पावसात फुटते, तेच बियाणं. घरात बियाणं म्हणून ती काही ठेवत नाही. पुढे तिची आई गेली, आणि आईच्या परड्यावरून मोठा रस्ता गेला. आता तिथे ट्रक धावतात. म्हणजे आईच्या हातची हळद जगात उरली ती फक्त आमच्या वाफ्यात, गडग्याच्या कडेला, जिथे ती ओळ ठेवायची. गडग्याच्या सावलीत माती मऊ राहते म्हणून.

एवढं सगळं मला माहीत होतं असं समजू नका. माहीत असतं तर ही गजाल, ही कहाणी, झालीच नसती. मला हळद म्हणजे आमटीला येते ती, एवढंच ठाऊक.

त्या वर्षी पावसात गडगा कोसळला. दगड दोन्हीकडे पसरले. पडले ते पडले, माघापर्यंत कोणी हात लावला नाही. माघात बायकोने हळद खणली, ढीग पडवीत घातला आणि बहिणीच्या घरी कार्य होतं म्हणून खारेपाटणला गेली. जाताना म्हणाली, "माझ्या वाफ्यार लक्ष ठेवा." मी ठेवलं. कसं ठेवलं ते ऐका.

दुसऱ्याच दिवशी चुलतभावाची हाक आली. "ये रे, हात लाव. दोघांचो गडगो, दोघांनी घालूया."

मी गेलो. त्याने दोरी धरली, मी दगड उचलले. दोरी त्याच्या हातात आणि वजन माझ्या, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. लहानपणापासून आमचा व्यवहार तसाच. दुपारी त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वयनीने, पान मांडलं. बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं, वर लालपिवळा तवंग. मी खाली बसलो आणि दारातून माझी नजर दोरीवर गेली.

"दोरी वायच वाकडी दिसता रे," मी म्हटलं.

वयनी म्हणाली, "भावजीनु, आनी एक बांगडो वाढू?"

मी म्हटलं वाढ.

संध्याकाळपर्यंत गडगा उभा राहिला. मी स्वतः त्याच्यावर हात मारून बघितला आणि म्हटलं, "हत्तीन इली तरी हलूचो नाय." चुलतभाऊ म्हणाला, "तुझ्यासारखो गडगो घालणारो आचऱ्यापासून मालवणापर्यंत नाय." मी घरी आलो तो छाती फुगवून.

बायको आली तेव्हा हातातली पिशवीसुद्धा तिने खाली ठेवली नाही. परड्यात गेली आणि तिथूनच विचारलं, "अवो, माझो वाफो खंय गेलो?"

"खंय जातलो? थंयच आसा."

"अर्दो आसा. माझी ओळ गडग्याच्या पलीकडे गेली. हो गडगो कोणी घातल्यान?"

मी खोकलो. "दोघांनी."

"तुमी होतात?"

"दगडांक माझेच हात लागलेत."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं आता पिशवी डोक्यात येते. पिशवीत नारळ होते. पण ती गडग्याकडे गेली आणि पलीकडे बघून ओरडली, "जाऊबाय! भायर ये! माझी हळद खाऊन बसलीस ती भायर काड!"

वयनी आलीच. वाटच बघत असावी. "हळद? खंयची हळद? गडगो होतो थंयच आसा. तुझ्याच घोवान घातल्यान. तेका इचार."

"तेका काय इचारू? तेका बांगडो दाखवलो तर तो घर लिवन दितलो!"

हे खोटं नव्हतं, म्हणून मी मध्ये पडलो नाही.

दोन्ही जावांचं ते भांडण आमच्या वाडीत अजून वाखाणतात. एकीने दुसरीच्या आजोळापर्यंत जाऊन परत यायचं आणि दुसरीने त्याच्यापुढे जायचं. चुलतभाऊ खांबाला टेकून दात कोरत होता. मी पडवीत बसून हळदीचा ढीग निवडतोय असं दाखवत होतो. मला काय निवडायचं तेही माहीत नव्हतं. एकदा इकडचे तिकडे, एकदा तिकडचे इकडे.

मग बायकोने हळद उकडायला घेतली. ओली हळद मोठ्या हंड्यात उकडायची, मग उन्हात वाळवायची, मग दळायची. अंगणात चूल मांडली, हंडा चढवला. गडग्याच्या पलीकडे वयनीने होमस्टेच्या चादरी वाळत घातल्या होत्या. पांढऱ्या, कडक, गाडीतल्या माणसांसाठी खास आणलेल्या. हळद उकडून झाली, बायकोने गड्डे काढले, हंड्यात पिवळं पाणी राहिलं, निवत होतं. तेवढ्यात चुलतभाऊ गडग्याशी आला आणि मला म्हणाला, "तुझ्या बायलेक समजाय रे. हळदीसाठी कोण एवढा बोंबलता? बाजारात पाकिटात गावता."

माझी बायको आत होती. तिने ऐकलं नसावं. पण मी ऐकलं आणि मला वाटलं, आता काहीतरी मर्दुमकी केली पाहिजे, बांगड्याचा डाग पुसला पाहिजे. मी हंडा उचलला आणि पाणी त्याच्यावर फेकलं.

तो सरकला. पाणी नाही सरकलं. अर्ध्या चादरी पिवळ्या झाल्या. उरलेलं माझ्याच पायांवर आलं, पाय सात जन्मांची हळद लागल्यासारखे. नवरदेव झालो, फक्त मांडव नव्हता.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. उन्हात ठेवलं तर हळदीचा डाग उडून जातो, हे बायका जाणतात. पण वयनी रागाने आंधळी झाली होती. तिने त्या चादरी उचलल्या आणि साबणाचा सोडा टाकून खसाखसा घासल्या. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करायचे पूर्वी. चादरी लालभडक. घाईघाईत तिने त्या तशाच पिळून तारेवर टाकल्या, आणि नेमके त्याच वेळी पुण्याचे पाहुणे गाडीतून उतरले. आधी उतरलेल्या बाईंनी तारेकडे बघितलं, मग हातात कोयता घेऊन उभ्या असलेल्या चुलतभावाकडे बघितलं. तो नारळ सोलत होता बिचारा. बाई परत गाडीत बसल्या. दार लावायलाही थांबल्या नाहीत.

"माझा गिऱ्हाईक घालवलंस!" चुलतभाऊ गडग्यावर चढून ओरडला. "मेल्या, तुझा तळपट होवंदे!"

"माझ्या बायलेची हळद दी, मगे गिऱ्हाईक परत हाडतंय!" मी ओरडलो. कसं आणणार होतो देव जाणे.

शेवटी गावकरांना बोलावलं. गावकर म्हणजे आमच्या देवळाचे मानकरी, म्हातारे, तोंडात पान. वाडीतले वाद त्यांच्यापुढे जातात, कारण कोर्टात गेले तर नातवंडांच्या लग्नापर्यंत चालतात. ते आले, गडग्याच्या कडेने चालत गेले, वाकून बघितलं, थुंकले आणि म्हणाले, "जमीन बोलता काय? नाय. गडगो बोलता? नाय. घातलो तो तर दोघांनी मिळान. आता बोलतली ती हळदच."

बायको म्हणाली, "आबानु, माझी ओळ जमनीत आसा. थंयच गडग्याच्या बुडाक. पाऊस लागलो की फुटतली."

गावकर म्हणाले, "मगे झाला तर. पाऊस लागलो की मी येतंय. हळद गडग्याच्या पलीकडे फुटली, तर गडगो वाकडो. नाय फुटली, तर गडगो सरळ. तोवर थंय कुदळ घालूची नाय, गाडी न्हेऊची नाय. कबूल?"

चुलतभाऊ म्हणाला कबूल. मला विचारलंच नाही. गावकर उठताना माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "तुझा लगीन झाला काय रे परत?"

मग उन्हाळा. असा उन्हाळा मी बघितला नाही. गडग्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि बोलणं फक्त कोंबड्या-मांजरांशी. वयनी तिच्या कोंबडीला म्हणे, "ये गो बाये, तू तरी लोकांच्या जमनीत चोच घालू नको." माझी बायको मांजराला म्हणे, "खा गो, तुका बांगडो घातलो तरी तू घर इकूची नाय." हे दुसरं मला होतं. दोन्हीकडून मारा, आणि मी मध्ये.

पण बायकोचा त्या ओळीवर विश्वास होता. रोज सकाळी ती गडग्याशी उभी राहायची, पलीकडच्या त्या कोरड्या पट्ट्याकडे बघायची. तिथे काही नव्हतं. हळद उन्हाळ्यात वर काही दाखवत नाही, मेल्यासारखी पडून असते. ती बघायची आणि कामाला लागायची. बस.

विश्वास नव्हता तो माझा. मला रोज वाटायचं, चुलतभावाने ओळ कधीच उपटली असणार. त्याच्या कोंबड्या तिथे उकरायच्या. एकदा त्याने चिऱ्याचा चुरा आणून जवळ ओतला, तेव्हा माझी झोप उडाली. म्हटलं, आता हळद फुटणार कुठून? आणि नाही फुटली तर बायको सगळ्या गावापुढे खोटी. बांगडा खाल्ला मी, आणि खोटी ती. तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलं. म्हटलं, आपणच लावून ठेवू. हळद ती हळद, कोणाला कळतंय?

भर दुपारी, अख्खी वाडी जेवून घोरत असताना, मी माळ्यावर चढलो. माळ्यावर वाळूत पुरलेली एक परडी होती, तिच्यात गड्डे. मी म्हटलं, हेच बियाणं. सगळे काढले, धोतराच्या सोग्यात बांधले. वास घेऊन बघावा, असं कोणाही शहाण्याला सुचलं असतं. मला तपकिरीची सवय. माझ्या नाकात इतकी वर्षं इतकी तपकीर गेलीय की त्या नाकाला चिमणी लावली तरी चालेल. मला वास येतो फक्त जळण्याचा, तोही घर पेटल्यावर.

गडग्यावर चढलो. मीच घातलेला गडगा, तो माझ्याखाली डुगडुगला. धोतर दगडात अडकलं. मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे, घोड्यावर बसल्यासारखा, आणि समोर वयनीची कुत्री बसून माझ्याकडे बघत होती. ती भुंकली नाही. तिला माझी लाज वाटली असावी. शेवटी पलीकडे पडलो, बोटाने खड्डे केले आणि गड्डे पुरले. आणि चांगलं काम करायचं म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा, मी ते सरळ ओळीत पुरले. सुतळी लावून.

घरी येऊन हात धुतले. मोठं पुण्य केल्यासारखा झोपलो.

पाऊस लागला, जमीन भिजली, चतकोर चंद्रासारखे हिरवे कोंब वर आले आणि त्यांची पानं उलगडली. गडग्याच्या पलीकडे. बायकोने बघितलं आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी लग्नानंतर मोजक्या वेळा बघितलंय. "फुटली," ती म्हणाली. "गावकरांक बोलवा."

मी धावतच गेलो.

गावकर छत्री घेऊन आले. वाडीतले पंधरा-वीस लोक आले, कारण गमतीपुढे नांगर कोणाला आठवतो. चुलतभावाचं तोंड उतरलं होतं. तो म्हणाला, "कोंब इलेत ह्या खरा." वयनी नुसती त्या ओळीकडे बघत होती.

गावकरांनी ओळ बघितली. इकडून बघितली, तिकडून बघितली. मग माझ्या बायकोला विचारलं, "गो, तू हळद सुतळी लावन पुरतस?"

बायको म्हणाली, "नाय आबा. जशी पडता तशी."

"मगे ही एस्टीच्या लायनीत कशी उभी?"

कोणीतरी हसलं. तेवढ्यात वयनी वाकली, एक रोप उपटलं, त्याच्या बुडाचा गड्डा मटकन मोडला आणि नाकाशी नेला. मग तिने तो चुलतभावाच्या नाकाशी नेला. मग गावकरांच्या.

"कैरी," गावकर म्हणाले.

"आंबेहळद!" वयनी किंचाळली. "ही खंयची हळद? ही आंबेहळद! मुरगळल्यार लावतत ती! हिच्या वाफ्यात कदी आंबेहळद होती काय? इचारा तिका!"

आंबेहळदीचं पान हळदीसारखंच. पण गड्डा मोडला की आत फिका आणि वास कच्च्या कैरीचा. गावातलं आंधळं पोरसुद्धा ओळखेल. तो गड्डा हातोहात फिरला. एकेकाने वास घेतला आणि एकेकजण माझ्याकडे बघून हसला. माझ्याकडे आला तेव्हा मीही वास घेतला. काही आलं नाही.

बायको माझ्याकडे बघत होती. "माळ्यारची परडी," ती हळूच म्हणाली.

मी मान खाली घातली. आणि खाली घातली म्हणून मला दिसलं. माझ्या सरळ ओळीपासून वीतभर अलीकडे, गडग्याच्या अगदी बुडाशी, दोन दगडांच्या फटीतून वाकडीतिकडी चार-पाच पानं वर आली होती. जाड, गर्द, वेडीवाकडी.

"ती बघा!" मी ओरडलो. "आबा, ती खरी! ती तिची ओळ!"

बायको खाली बसली, एक पान चुरगळलं, वास घेतला. तिने गावकरांना पान दिलं. गावकरांनी वास घेतला आणि मान हलवली. हळदच होती. ती तिथेच होती. मी काहीही केलं नसतं, दुपारचा झोपून राहिलो असतो, तर आम्ही जिंकलो होतो. आयुष्यभर मला लोक आळशी म्हणाले, आणि ज्या दिवशी आळस करायला हवा होता त्या दिवशी मी कष्ट केले.

चुलतभावाला आता हत्तीचं बळ आलं होतं. "ती पन ह्यानाच लावल्यान!" तो म्हणाला. "एक लावतलो तो दोन लावतलो. गडग्यार चढून माझ्या जाग्यात इलो! आबा, आता हेचो काय ईश्वास?"

गावकरांनी तोंडातल्या पानाची पिंक टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझो साक्षीदार खरो होतो रे. पन तूच तेच्या शेजारी खोटो आणून बसवलंस. आता खरो खंयचो आनी खोटो खंयचो, मी कोणाक सांगू? गडगो आसा थंयच ऱ्हवांदे."

छत्री उघडून ते गेले. लोक पांगले. काहीजण जाताना मुद्दाम नाक ओढत गेले.

बायको तिथेच बसून होती, गडग्यापलीकडे, पावसात. ती चुलतभावाला म्हणाली, "जागो तुमका लाभो. माझी एवडी रोपां माका काडून न्हेऊ देवा."

चुलतभाऊ म्हणाला, "गडग्याच्या हय आसा ता माझा."

"न्हेवंदे तिका," वयनी फिसकारली. "नायतर हिचो घोव परत गडग्यार चढतलो, आनी पडान मेलो तर माझ्याच परड्यात मरतलो."

बायकोने हातांनीच माती उकरली. एकेक रोप मातीसकट काढलं आणि पदरात घेतलं. मी मदतीला पुढे झालो तर तिने नुसतं बघितलं. मी मागे झालो. घरी आणून तिने ती रोपं फुटक्या घमेल्यात आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत लावली, पुढच्या दाराशी, जिथे कोणाचाही गडगा लागत नाही.

त्या दिवसापासून माझ्या जेवणातली हळद बंद. आमटी पांढरी. बटाट्याची भाजी पांढरी. बांगडा तर असा की जणू तो आजारी होऊन मेला. तिच्यासाठी वेगळं पातेलं, पिवळंधमक, शेजारीच उकळत असे. मी एकदा विचारलं, "गो, हळद सपली काय?" ती तव्याला म्हणाली, "हळद आसा. ज्येका हळद आनी आंबेहळद वळखूक येना नाय, तेका कित्या व्हयी?" माझ्याशी नाही, तव्याशी. माझ्याशी ती बोलतच नव्हती.

पाऊस सरला, दिवाळी झाली. गडग्यापलीकडे नवीन वाट झाली, म्हशीएवढ्या गाड्या आमच्या त्या हातभर जागेवरून आत जाऊ लागल्या. मी लावलेली आंबेहळद वयनीने वाटेच्या कडेला सरकवली आणि वाढवली. पाहुणे किल्ल्याच्या पायऱ्यांवर पाय मुरगळून येतात, त्यांना ती उगाळून लावायची. म्हणजे माझ्या मूर्खपणावर तिचा दवाखाना चालला होता.

एका सकाळी एक गाडी मागे घेताना गडग्याला घासली. चालवणारा उतरला, गडग्याकडे बघून म्हणाला, "ही भिंत जरा अजून सरकवता आली तर?" चुलतभाऊ हसत म्हणाला, "सांगतो शेजाऱ्याला. त्याला जेवायला बोलवावं लागेल."

मी ऐकलं. उठलो आणि गडग्याला लाथ मारली. गडगा मीच घातलेला, त्यामुळे वरचा दगड खाली यायला फार विचार केला नाही. तो सरळ माझ्या अंगठ्यावर आला.

अंगठा वांग्याएवढा झाला आणि वांग्याच्याच रंगाचा. मी पडवीत बसून कण्हत होतो. बायको आली, वाकली, बोटाने दाबून बघितलं. मी ओरडलो. ती आत गेली, माळ्यावर चढल्याचा आवाज आला. खाली उतरली तेव्हा तिच्या हातात रिकामी परडी होती. वाळू तेवढी तळाला. तिने ती माझ्यासमोर उपडी केली.

"आंबेहळद व्हयी," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो हा. "जावा. लावलात थंय जावा."

मी एका पायाने उड्या मारत गडग्यापर्यंत गेलो. "वयनी! अगो वयनी!"

वयनी आली. माझा अंगठा बघितला, पडलेला दगड बघितला. "आता काय लावूक इलात, भावजीनु?"

"वायच आंबेहळद दी गो."

"कोणाची आंबेहळद?"

काय सांगणार? माझी? तिची? बायकोची?

"बोला ना. सुतळी हाडू?"

ती कुदळ घेऊन वाटेच्या कडेला गेली, एक गड्डा उकरला आणि माती न झाडता माझ्याकडे फेकला. तो माझ्या कपाळावर बसला. मग ती परत वाकली, अजून काहीतरी उकरलं, हातात घेऊन बघितलं, जरा थांबली. आणि तेही फेकलं. ते मी झेललं, कारण आता मला अंदाज आला होता.

"ह्यो पन न्हेवा," ती म्हणाली. "तुमच्या बायलेचो ऱ्हवललो. माझ्या गाडयेच्या वाटेत येता." आणि पाठ फिरवून गेली.

मी लंगडत आलो. बायको सहाण घेऊन पडवीत बसली होती. मी दोन्ही गड्डे तिच्यापुढे ठेवले. तिने आंबेहळद उचलली, बाजूला ठेवली. दुसरा गड्डा उचलला, नखाने जरासा खरवडला. आत केशरी, गच्च. तिने तो नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

मग ती उठली आणि पुढच्या दाराकडे गेली. घमेल्याशी उकिडवी बसली, बोटाने माती सारली, गड्डा आत ठेवला, वर माती ओढली, हलक्या हाताने दाबली. पाणी आणायला विहिरीवर गेली. पाणी घातलं. पुन्हा माती दाबली.

"अगो," मी पडवीतून म्हटलं, "माझो अंगठो."

"तो खंय पळता?" ती म्हणाली.